लहान मुलांच्या हाडातली सिस्ट, फ्रॅक्चर आणि ऑपरेशन: आईबाबा नेहमी विचारतात ते प्रश्न

माझ्या मुलाचा उजवा दंड वर्षभरात दोनदा मोडला, दोन्ही वेळा त्याच जागी. पहिल्यांदा मोडला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्यानंतर ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून इतके फोन आले की तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतेय. मी डॉक्टर नाही. मुलांच्या हाडांच्या ओपीडीत बाकड्यावर बसून, सरांना प्रश्न विचारून भंडावून आणि मिळेल ते वाचून जे कळलं ते हे. तुमच्या मुलाचा एक्स-रे बघून काय करायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांना काय विचारायचं ते तरी इथून कळेल.

हाडात सिस्ट म्हणजे नक्की काय असतं?

हाडाच्या आत एक पोकळी होते आणि तिच्यात पाणी साठतं. साधी सिस्ट असेल, जिला डॉक्टर सिंपल बोन सिस्ट किंवा यूबीसी म्हणतात, तर आत फिकट पिवळं पातळ पाणी आणि भिंतीला आतून एक पातळ अस्तर, बस. बाहेरून हात अगदी नेहमीसारखा दिसतो, पण हाडाची भिंत अंड्याच्या टरफलाएवढी पातळ झालेली असते. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांत सापडते, मुलींपेक्षा मुलग्यांत दुप्पट. सगळ्यात जास्त दंडाच्या हाडात खांद्याजवळ, त्याखालोखाल मांडीच्या हाडात खुब्याजवळ, आणि थोड्या मोठ्या मुलांत टाचेच्या हाडातसुद्धा. दुसरा एक प्रकार आहे एबीसी म्हणून, त्यात पाणी नाही, रक्त भरलेलं असतं. तो जरा दांडगा आहे, त्याचं पुढे वेगळं लिहिलंय.

पोरगं नुसतं बॉल फेकत होतं, तेवढ्याने हाड कसं मोडेल?

हेच तर. आमच्याकडे पण हेच झालं, बाउंड्रीवरून थ्रो केला आणि हात तसाच लोंबला, पडला नाही की कुणी धडकलं नाही. सिस्ट कधीपासून होती कुणालाच माहीत नव्हतं कारण ती दुखत नाही. बहुतेक मुलांची सिस्ट फ्रॅक्चर झाल्यावरच कळते, उरलेल्यांची दुसऱ्याच कशासाठी तरी काढलेल्या एक्स-रेत. मोडल्यावर भिंतीचा बारीक तुकडा आतल्या पाण्यात खाली जाऊन बसतो आणि एक्स-रेत विहिरीच्या तळाशी पान पडावं तसा दिसतो, डॉक्टर त्याला गळलेल्या पानाची खूणच म्हणतात. तो दिसला की आत पाणी आहे हे जवळजवळ नक्की.

हा कॅन्सर तर नाही ना?

सगळे पहिले हेच विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे. साधी सिस्ट कॅन्सर नाही आणि पुढे कॅन्सर होतही नाही. रिपोर्टवर ट्यूमर किंवा लेजन असा शब्द दिसला की आपल्या पोटात गोळा येतो, पण हाडात काहीही वेगळं दिसलं की रेडिऑलॉजीवाले लेजन असंच लिहितात.

पण एक्स-रेत सिस्टसारखं दिसणारं सगळं सिस्टच असतं असं नाही. फायब्रस डिस्प्लेशिया असतो, म्हणजे हाडाच्या जागी तंतूंसारखा भाग वाढतो, जुनं हाडातलं इन्फेक्शन असतं, आणि आपल्याकडे हाडाचा टीबी कधीही विसरायचा नाही, मुलांमध्ये तो कधीकधी हुबेहूब सिस्टसारखा दिसतो. एबीसीच्या बाबतीत तर हाडाच्या कॅन्सरचा एक प्रकार, टेलँजिएक्टॅटिक ऑस्टिओसार्कोमा, एक्स-रे आणि एमआरआय दोन्हीत तसाच दिसू शकतो. म्हणून थोडी जरी शंका असली तरी डॉक्टर आधी बायोप्सी करतात, आणि ऑपरेशन झालं की आतून जे काही खरवडून काढलं ते सगळं पॅथॉलॉजीला जातं. तो रिपोर्ट आठवडाभर तरी लागतो, कारण हाडाचा तुकडा आधी मऊ करावा लागतो मग कापता येतो. तो आठवडा वाईट जातो, मला माहितीये.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, फ्रॅक्चर नसताना वाढत जाणारी सूज, ताप, वजन उतरणं, यातलं काही असेल तर वाट बघू नका. आणि टाटाला दाखवून या म्हणाले म्हणजे कॅन्सरच असं मुळीच नाही, परळला हाडांच्या गाठींसाठी वेगळी टीम आहे आणि शंका फेडायला कित्येक मुलांना तिथे पाठवतात. माझ्या सासूबाईंनी मात्र टाटा हा शब्द ऐकूनच दोन दिवस जेवण सोडलं होतं.

कॅल्शियम कमी पडलं का? आमचं काही चुकलं का?

नाही. दूध, अंडी, नाचणी, ड जीवनसत्त्व, कशाचाही संबंध नाही. अनुवांशिक नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही, दुसऱ्या भावंडाचे एक्स-रे काढत बसू नका. विर्चो नावाच्या जर्मन डॉक्टरने १८७६ मध्ये हिचं वर्णन केलं, पण कशामुळे होते ते अजून पक्कं सांगता येत नाही. हाडातल्या शिरांतून रक्त परत जायला अडथळा होतो आणि त्या दाबाने पाणी साठतं, असा एक जुना अंदाज आहे आणि काही ऑपरेशन त्या अंदाजावरच बेतलेली आहेत.

फ्रॅक्चर झालंय, लगेच ऑपरेशन करायचं का?

दंडाचं असेल तर बहुतेक वेळा नाही. इथे दोन गोष्टी मनात वेगळ्या करा, मला स्वतःला हे कळायला सहा महिने लागले. फ्रॅक्चर ही एक भानगड आणि सिस्ट ही दुसरी भानगड. सिस्टमधून मोडलेलं हाड इतर हाडासारखंच जुळतं, मुलांचं तर पटकन, हात गळ्यात अडकवून ठेवला की चार ते सहा आठवड्यांत. खांद्याजवळचं थोडं वाकडं जुळलं तरी वाढत्या वयात सरळ होतं. म्हणून बरेच डॉक्टर म्हणतात आधी हे जुळू दे, मग सिस्टकडे बघू. आपल्याला वाटतं हे टाळाटाळ करतायत. तसं नसतं, ताज्या फ्रॅक्चरमध्ये आतलं सगळं रक्ताने भरलेलं असतं, तेव्हा सिस्टमध्ये औषधाचं इंजेक्शन देऊन उपयोग होत नाही आणि निदानही नीट होत नाही.

आम्हाला एका ठिकाणी पहिल्याच दिवशी उद्या सकाळी प्लेट टाकू म्हणून सांगितलं होतं आणि फॉर्मवर सहीसुद्धा घ्यायला आले होते. आम्ही एक दिवस मागून घेतला आणि मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी नुसती झोळी बांधून घरी पाठवलं. मुलांचे ऑर्थोपेडिक डॉक्टर वेगळे असतात हे तोवर मला माहीतच नव्हतं, जमेल तिथे त्यांनाच दाखवा.

मग खुब्याजवळ असेल तरी वाट बघायची?

नाही, तिथे हिशोब उलटा. मांडीच्या हाडाच्या मानेवर अख्ख्या शरीराचं वजन येतं, तिथे मोडलं तर हाड सरकतं, वाकडं जुळतं आणि सगळ्यात भीती म्हणजे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खराब होतो. त्यामुळे फ्रॅक्चर असेल तर ऑपरेशन, आणि नसेल पण सिस्ट मोठी असेल तरी आधीच खरवडून, हाड भरून, स्क्रू किंवा प्लेटने आधार देतात. लहान मुलांना वरून कमरेपासून पायापर्यंतचं प्लास्टरही लागू शकतं, ते सांभाळणं हा घरच्यांचाच कस असतो. मूल लंगडतंय आणि मांडी नाहीतर गुडघा दुखतोय म्हणतंय तर खुब्याचा एक्स-रे मागा, खुब्याचं दुखणं मुलं बऱ्याचदा गुडघ्यावर दाखवतात.

हाड जुळलं, म्हणजे सिस्ट पण गेली ना?

जाते कधीकधी. फ्रॅक्चरमुळे सिस्ट आपोआप भरून येते असं खूप जण सांगतात, आणि ते खोटं नाही, पण दहात एखाद्याच मुलाचं तसं होतं. आमचं नाही झालं. आम्ही झोळी सुटली, सुटलो म्हणून पेढे वाटले आणि तीन महिन्यांचा एक्स-रे चुकवला. पुढच्याच गणपतीत मंडपाच्या दोरीला लोंबकळताना परत तिथेच मोडलं. तो एक्स-रे चुकवू नका.

इंजेक्शनने बरं होतं म्हणतात, ते काय?

इटलीतल्या स्कालिएत्ती नावाच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात सिस्टमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायला सुरुवात केली, ते अजून चालू आहे. मुलाला भूल देऊन सुई आत घालतात, पिवळं पाणी येतंय ना ते बघतात, एक्स-रेत दिसणारं द्रव्य, म्हणजे डाय, सोडून पोकळी एक आहे की आत कप्पे आहेत ते तपासतात आणि मग औषध सोडतात. टाके नाहीत, संध्याकाळी घरी. एकदा देऊन भागेलच असं नाही, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने परत परत द्यावं लागतं आणि दर वेळी भूल आलीच.

बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढून तो सिस्टमध्ये सोडायचा असाही प्रकार आहे. ऐकायला हा जास्त भारी वाटतो म्हणून लोक तोच मागतात, पण अमेरिका, कॅनडा आणि भारतातल्या सेंटरनी मिळून दोन्हींची तुलना केली, २००८ मध्ये ती छापून आली, त्यात स्टिरॉइडवाल्या ४२ टक्के मुलांची सिस्ट भरली आणि बोन मॅरोवाल्या २३ टक्के मुलांची. म्हणजे स्टिरॉइड बरं, पण तेही निम्म्याहून कमी. आकडा आधीच माहीत असला की दुसऱ्यांदा सुई टोचायची वेळ आली तर डॉक्टरांवर राग निघत नाही. आणि स्टिरॉइड म्हणजे उंची थांबेल वगैरे घाबरू नका, रोज गोळ्या खाणं वेगळं आणि सिस्टमध्ये एकदा सोडणं वेगळं.

ऑपरेशनमध्ये नक्की काय काय करतात?

सरांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं म्हणून सांगू शकते. सी-आर्म म्हणून एक्स-रेचं मशीन असतं, त्यात बघत बघत हाडाला छोटी खिडकी पाडतात. पाणी काढून टाकतात, आतलं अस्तर चमच्यासारख्या अवजाराने खरवडतात, याला क्युरेटाज म्हणतात, आणि अस्तर शिल्लक राहिलं तर सिस्ट परत येते म्हणून हे काम घाईचं नाही. मग सिस्टच्या खालच्या बाजूला मॅरोची जी नळी बंद झालेली असते ती फोडून मोकळी करतात म्हणजे आतला दाब निघून जातो आणि मॅरो आत येतो. त्यानंतर पोकळी भरतात आणि गरज असेल तर आतून सळईचा आधार देतात.

हे सगळं मोठं चिरूनच करायला हवं असं राहिलं नाही. एक सेंटिमीटरच्या आसपासच्या छेदातून खरवडणं, नळी मोकळी करणं आणि कॅल्शियम सल्फेटच्या गोळ्या भरणं, ही पद्धत आता बरीच चालते. त्या गोळ्या हळूहळू विरघळतात, म्हणून पहिल्या एक्स-रेत पांढरंफेक आणि नंतरच्यात परत काळं दिसलं तर लगेच रडू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

भरायला हाड कुठून आणतात?

मुलाच्याच कमरेच्या हाडातून काढता येतं, ते सगळ्यात चांगलं धरतं, पण तिथे दुखतं, कधीकधी हातापेक्षा कमरच जास्त. नाहीतर हाडाच्या बँकेतलं, म्हणजे दात्याचं, तपासून आणि रेडिएशनने निर्जंतुक केलेलं. टाटा मेमोरियलमध्ये अशी टिश्यू बँक १९८८ पासून आहे. नाहीतर वरच्यासारखे कॅल्शियमचे कृत्रिम पर्याय. दुसऱ्याचं हाड म्हटल्यावर काही आजीआजोबांना कसंतरी होतं, त्यांना एवढंच सांगा की ते नुसता सांगाडा म्हणून असतं, कालांतराने त्याच्या जागी मुलाचं स्वतःचं हाड येतं.

टेन्स नेल म्हणजे काय? रॉड टाकल्यावर हात वाकेल ना?

टायटॅनियमच्या बारीक लवचिक सळया असतात, फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या डॉक्टरांनी मुलांच्या फ्रॅक्चरसाठी रुळवलेल्या. दंडासाठी कोपराच्या वरून आत घालून सिस्ट ओलांडून खांद्यापर्यंत नेतात, बहुतेक दोन. आतून तंबूच्या काठ्यांसारखा आधार मिळतो, त्यामुळे लवकर हात हलवता येतो आणि परत मोडायची भीती कमी. शिवाय सळईमुळे सिस्टमधलं पाणी सतत निचरत राहतं, त्यानेही सिस्ट भरायला मदत होते. हात पूर्ण वाकतो, फक्त कोपरापाशी सळईचं टोक टोचतं, आमचा मुलगा बेंचवर कोपर टेकवायचा नाही.

साध्या फ्रॅक्चरमध्ये नेल काही महिन्यांत काढतात, सिस्टमध्ये मात्र ती भरेपर्यंत ठेवतात, दोन वर्षंसुद्धा. तोवर मूल वाढतं आणि नेल आखूड पडते, मग कधी बदलावी लागते. फार उशीर केला तर टोकावर हाड चढतं आणि काढताना डॉक्टरांची दमछाक होते, म्हणून कधी काढायची ते दर भेटीला विचारा.

एबीसी निघाली तर?

जाफे आणि लिक्टेनस्टाइन या दोघांनी १९४२ मध्ये हिला वेगळं नाव दिलं. हीसुद्धा कॅन्सर नाही, पण हाड फुगवते, दुखते, सूज दिसते, मणक्यात असेल तर नसांवर दाब आणते. एमआरआयमध्ये आतल्या कप्प्यांत रक्ताचे थर दिसतात, वर पातळ आणि खाली साका. हिच्या पेशींमध्ये यूएसपी६ नावाच्या जीनमध्ये बदल सापडतो, त्याची टेस्ट शंका असेल तेव्हा उपयोगी पडते.

इथे नुसतं खरवडून भागत नाही, बर नावाच्या, वेगाने फिरणाऱ्या ड्रिलसारख्या अवजाराने भिंती घासतात, काही जण फिनॉलसारखं औषध लावतात, मग हाड भरतात. तरी परत येते, लहान मुलांत जास्तच. न कापता करायचा उपाय म्हणजे स्क्लेरोथेरपी, पॉलिडोकॅनॉल नावाचं औषध सुईने सोडायचं, पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी वापरतात तेच. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी अशा ७२ पेशंटचा अनुभव २००६ मध्ये छापला आणि आता जगभर त्याचा दाखला देतात. बऱ्याचदा अनेक बैठका लागतात. कंबर किंवा मणक्यातली असेल तर रक्तवाहिनीतून जाऊन रक्तपुरवठा बंद करतात, म्हणजे एम्बोलायझेशन. डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन नेटवर सापडेल तुम्हाला, ते अगदी अडलेल्या केसमध्येच देतात, कारण बंद केल्यावर मुलांच्या रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं.

हात आखूड राहील का?

होऊ शकतं, पण क्वचित. हाडाच्या टोकाला वाढीची पट्टी असते, ग्रोथ प्लेट, आणि दंडाची ८० टक्के लांबी खांद्याकडच्या पट्टीतून येते. सिस्ट नेमकी तिथेच चिकटलेली असते. सिस्टमुळे, फ्रॅक्चरमुळे किंवा खरवडताना पट्टीला धक्का लागला तर हात थोडा मागे राहू शकतो. म्हणूनच सिस्ट पट्टीला अगदी लागून असेल तर डॉक्टर जपून खरवडतात किंवा थोडं थांबतात, मूल वाढतं तशी पट्टी पुढे सरकते आणि सिस्ट मागे पडते. हातात एक-दोन सेंटिमीटरचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, पायात मात्र येतो, म्हणून पायाची मोजमापं नीट ठेवतात.

गावाकडे हाडवैद्य आहेत, दाखवू का?

नको. रागवा माझ्यावर, पण नको. पातळ झालेल्या हाडावर चोळणं आणि बांबूच्या कामट्या घट्ट बांधणं म्हणजे मोडलेलं आणखी सरकवणं, आणि घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा अडून हातच वाकडा होऊन बसलेली मुलं मी ओपीडीत पाहिलीत. तेल लावायची फारच हौस असेल तर पायाला लावा.

भूल आणि उपाशी राहणं, एवढं लहान मूल कसं राहणार?

जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आजीने कळवळून गुपचूप बिस्कीट दिलं तर ऑपरेशन पुढे जाणार हे घरात सगळ्यांना आधीच बजावा. सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका.

घरी आल्यावर कशावर लक्ष ठेवायचं?

बोटं थंड, निळी किंवा बधिर होणं, मनगट वर उचलता न येणं, औषध देऊनही वाढतच जाणारी कळ, जखमेतून पाणी, ताप. यातलं काहीही झालं तर उद्याची वाट न बघता हॉस्पिटल. बाकी हात थोडा सुजणं, चिडचिड, आणि महिनाभर मोबाइल मागणं नॉर्मल.

शाळा आणि खेळ कधी?

शाळा आठवड्या-दोन आठवड्यांत, हात गळ्यात अडकवून. वर्गशिक्षिकेला एक्स-रेचा फोटो दाखवा, नुसतं सांगितलं तर पटत नाही. सायकल, कबड्डी, कराटे, फास्ट बॉलिंग हे मात्र एक्स-रेत भिंत जाड झालेली दिसेपर्यंत बंद, निदान तीन महिने, बऱ्याचदा जास्त. पोहायला सगळ्यात आधी परवानगी मिळाली आम्हाला. पण पूर्ण कोंडून ठेवू नका, आम्ही ठेवलं होतं, वजन वाढलं आणि स्वभाव बिघडला.

ऑपरेशन करूनही परत येते का?

येते. दहा वर्षांच्या आतली मुलं आणि वाढीच्या पट्टीला चिकटलेली सिस्ट, या दोघांत जास्त. दीड महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष, आणि मग वाढ संपेपर्यंत अधूनमधून एक्स-रे होत राहतात. सगळी काळी जागा पांढरी व्हायलाच हवी असा हट्ट धरू नका, थोडी पोकळी राहिली पण भिंत मजबूत झाली तर डॉक्टर सोडून देतात. वाढ संपत आली की बहुतेक साध्या सिस्ट आपोआप शांत होतात, मोठ्या माणसांत त्या कमीच दिसतात. प्रत्येक एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरून फोटो काढून ठेवा, फिल्म चिकटतात आणि मागचा-पुढचा ताडून बघितल्याशिवाय काही कळत नाही.

खर्चाचं काय?

हॉस्पिटलप्रमाणे प्रचंड फरक आहे, म्हणून आकडा लिहीत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवून तुमचं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं ते भरती व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. मेडिक्लेम असेल तर पेपरवर सिस्टमुळे झालेलं फ्रॅक्चर असं स्पष्ट लिहून घ्या.

काढलेली नेल घरी देतात का?

हा प्रश्न फक्त मुलं विचारतात. आमच्याकडे दिल्या, धुऊन, प्लास्टिकच्या पिशवीत. दोन्ही त्याच्या कंपासपेटीत आहेत आणि एकीने तो पट्टी सापडत नसली की रेघा मारतो, जरा वाकड्या येतात.